हातचा एक

ऑकलंड ते सांतियागो
नऊ हजार सहाशे सत्तर किलोमीटर.
जाताना अकरा तास, परतताना बारा-सव्वाबारा,
कारण वारा पश्चिमेचा, आणि तो कुणाच्या ओळखीचा नाही.
मधे बेट नाही, दिवा नाही,
भूगोलाच्या पुस्तकात नुसता निळा रंग ओतलेला.

पापांना हे फोनवर सांगितलं
तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "आणि चढ किती?"

बरोबरच आहे. अडतीस वर्षं
वालपाराइसोच्या एका टेकडीवर
ते आसेन्सोर चालवत होते:
रुळांवरच्या दोन लाकडी खोल्या, एक वर, एक खाली,
साठ मीटर, ऐंशी सेकंद.
मासळीच्या पिशव्या, शाळेतून सुटलेली पोरं,
एकदा एक शवपेटी, जागेअभावी उभी धरलेली.
पापा वरच्या केबिनमध्ये, चाकाजवळ.
चढायचा तो दोर. त्यांची खुर्ची कधी हलली नाही.

वीजबिलाच्या मागे त्यांनी गणित मांडलं.
रोजच्या शंभर खेपा, वर्षाचे तीनशे दिवस,
आणि दुसऱ्या दिवशी फोन, मोठ्या आवाजात:
"नोएमी, तुझं ऑकलंड मी सात वेळा गाठलंय.
बसल्या जागी."

मी मांगेरेत असते, विमानतळाच्या कुंपणाला लागून,
जेवणाच्या ट्रे भरते.
कोंबडी किंवा पास्ता, वर चकचकीत कागद,
कडा अंगठ्याने दाबायच्या.
माझ्या अंगठ्याखालून गेलेलं जेवण
वर्षातून कितीदा तरी पापांच्या आभाळात पोचतं.
मी दोन वर्षांतून एकदा.

मागच्या खेपेला आठ तारखेच्या रात्री निघाले
आणि उतरले थेट दहाच्या पहाटे.
नऊ तारीख पापांचा वाढदिवस.
त्या रात्रीचं तिकीट स्वस्त होतं,
हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांना माहीत होतं.
सामानाच्या पट्ट्याजवळूनच फोन लावला,
म्हटलं, चुकला हो दिवस.
"कुठे चुकला? इथे दुपारचे बारा वाजतायत.
एर्मिनियाबाई आत्ता केक घेऊन आल्यात.
माझी नऊ तारीख जागेवर आहे.
तुझी कुठे सांडलीस ते बघ."

मग म्हणे त्यांनी वहीत लिहून ठेवलं:
नोएमी. नऊ तारीख. हातचा एक.
समुद्राकडून येणे.

या मार्चपासून एर्मिनियाबाईच फोन उचलतात.
पापा चुलीवर किटली विसरतात,
बंद पडलेल्या आसेन्सोरच्या दाराशी जाऊन उभे राहतात,
रांग लावा म्हणतात, कुणीच नसताना.
माझा आवाज ऐकला की विचारतात,
"किती लांब आहेस?"
मी आकडा सांगते.
थोडं थांबून, "आणि चढ किती?"
दर रविवारी. पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

म्हणून या मंगळवारी निघाले, संध्याकाळी सहाला.
रात्र झाली, सरली,
मीच दाबलेल्या कडा मी नखाने सोडवल्या,
खिडकीबाहेर अकरा तास पाणी.
उतरले तर मंगळवारच. दुपारचा एक.
रांग, शिक्का, दोन तासांची बस,
मग दोनशे बारा पायऱ्या, कारण दोर आता फिरत नाही.
बॅग उचलून मोजल्या.
म्हटलं, निदान एवढ्याचं उत्तर असावं आपल्याकडे.

पापांनी दार उघडलं. माझ्या कपाळाकडे बघितलं.
ओळखलं की नाही, मला अजून सांगता येणार नाही.
आत बोलावलं, पाव ठेवला, अ‍ॅव्होकॅडो ठेचून दिला,
मीठ दोनदा घातलं.
"कधी निघालीस?"
"मंगळवारी सहाला."
त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
पाच चाळीस.
बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं,
आणि कित्येक महिन्यांनी हिशोब जुळलेल्या माणसासारखे
खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"मग सावकाश खा," म्हणाले.
"वीस मिनिटं आहेत अजून."